टाक्याशेजारची गाठ

लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाची कड नेमकी तिच्या सिझेरियनच्या टाक्यावर यायची. इतर दिवशी काही वाटायचं नाही. पाळी आली की मात्र टाक्याशेजारची गाठ टरारून फुगायची आणि कड नुसती टेकली तरी जीव कळवळायचा. पाळी गेली की गाठ वाटाण्याएवढी.

मुलगी पाच वर्षांची झाली, तेवढंच हे दुखणंही झालं होतं. डॉक्टर झाले, गॅसच्या गोळ्या झाल्या, मलमं झाली. "कामाचा कंटाळा आला की हिचं पोट दुखतं," असं नवरा चारचौघांत हसत म्हणायचा. लोकही हसायचे. हल्ली तर तिलाच वाटायचं, आपण खरंच नाटकी असू. इतकी ती थकली होती.

आज पाळीच्या दुसऱ्याच दिवशी ती टेबलापाशीच मटकन खाली बसली, म्हणून नवऱ्याला कामावरून यावं लागलं. धुसफुसतच त्याने तिला दवाखान्यात आणलं आणि तो बाहेर बाकावर बसला.

डॉक्टरीणबाई नवीन होत्या. "आधी दाखवलंत तेव्हा पाळी चालू होती?"

"छे! तसल्या दिवसांत कोण जातं? सगळं आटोपलं, न्हाणं झालं, की मग जायचे."

"म्हणजे दुखणं घरी ठेवून तुम्ही नुसतं पोट घेऊन जात होतात!" बाईंनी कपाळाला हात लावला आणि तिला आडवं निजवून गाठ दाबली. ती किंचाळली.

"बहुतेक एंडोमेट्रिओसिस. सोनोग्राफी करून बघू," बाई म्हणाल्या. "गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी सिझेरियनच्या वेळी टाक्यात अडकून तिथेच रुजत असाव्यात. पाळीत त्यांतूनही रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नसते. कुणाला बेंबीत होतं, क्वचित फुप्फुसातही. तिथे कसं पोचतं, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही."

"म्हणजे खरंच आहे?"

"आहे तर! लहानसं ऑपरेशन करून काढता येईल."

तिला रडू फुटलं. पदराने तोंड पुसून ती पुन्हा आडवी झाली.

"ह्यांना आत बोलवा, आणि त्यांच्यासमोर परत दाबा."

"अहो, कशाला? मी सांगते ना त्यांना समजावून."

"सांगून पाच वर्षं झाली, बाई," ती म्हणाली. "आता दाबाच."