विल्यम बेल्चरची उमेदवारी

विनयाने तो कागद पडद्यावर पाचव्यांदा मोठा करून पाहिला. नाव तेच होतं. मालकाचं नावही तेच.

चारशे वर्षांपूर्वी, राणी एलिझाबेथच्या काळात, लंडनमध्ये विल्यम बेल्चर नावाचा पुस्तकविक्या होऊन गेला. कसायाचा पोर. सतराव्या वर्षी एका पुस्तकवाल्याकडे आठ वर्षांच्या उमेदवारीला राहिला. दुकान झाडायचं, छापून आलेल्या तावांच्या घड्या घालायच्या, पानांचा क्रम लावायचा, मालकाचं उष्टं काढायचं आणि मुदत संपेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. असा घासूनपुसून तयार झाला आणि पुढे स्वतःचं दुकान थाटून गबर झाला. विनयाचा सगळा प्रबंध या एका माणसावर उभा होता. तो शुक्रवारी द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती.

आणि आज, रविवारी दुपारी, लंडनहून मागवलेलं शेवटचं पान आलं. प्लेगात पुरलेल्यांची यादी. त्यात विल्यम बेल्चर, त्याच मालकाचा उमेदवार. तिसऱ्याच वर्षी गेलेला.

म्हणजे दुकानदार बेल्चर दुसराच कुणी. बाप धंद्याच्या संघात असला की मुलाला उमेदवारी न करताच दुकान काढता येई, हे तिनेच पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं. तरी दोघांचा तिने एक माणूस केला होता.

"कुणाला कळणारे गं?" तिचा नवरा जगदीश म्हणाला. "एक पान. आलंच नाही समज."

"आलंय ना पण."

"चार वर्षं या परक्या देशात, ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी उचलतोय मी, विनू. पापाकुराहून पहाटेची ट्रेन. का, तर तुझं संपलं की घरी जायचं म्हणून. आई तिकडे अंथरुणाला खिळलीय. पुण्याच्या कॉलेजने जानेवारीपर्यंत तुझी जागा धरून ठेवलीय. आणि तू एका मेलेल्या पोराचं घेऊन बसलीस."

"ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये."

खरंच ओरडत नव्हता. ते जास्त लागलं.

विनयाने पुन्हा सगळी टिपणं उपसली. मेलेला तिसराच कुणी निघावा म्हणून तारखा ताणून पाहिल्या, वयं जुळवून पाहिली. मनातल्या मनात नवससुद्धा बोलून झाला. काही जुळेना. शेवटी ती जमिनीवरच बसली.

"सोपं करून सांग," जगदीश शेजारी बसत म्हणाला. "नेमकं चुकलं काय?"

"दोन माणसं. नाव एक. एकाचं शिक्षण मी दुसऱ्याला चिकटवलं."

"हात्तिच्या. खोकी रचलेल्या दोन पॅलेटना एकच लेबल. आमच्याकडे हीप्स वेळा होतं, अगदी ढिगाने."

"मग काय करता?"

"काय करणार? ट्रक भरलेला असला तरी सगळा माल परत उतरवायचा."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. मग उठला आणि साताऱ्याला फोन लावला.

"आई, जानेवारीचं काही खरं नाही."

"मग कधी रे?" पलीकडून सुलभाताईंनी विचारलं.

त्याने फोन विनयापुढे धरला.

"आई, माझी चूक झाली," ती म्हणाली. "शुक्रवारी देता येणार नाही. पुन्हा नाव नोंदवून लिहावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

विनयाने जमिनीवरची टिपणं ओढली आणि कुठली पानं पुन्हा लिहायची ती मोजू लागली. पलीकडून सुलभाताईंचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला.