जयरामबुवांची पेटी

सापगावात उंच गळा एकच, माझा. स्वतःची टिमकी वाजवत नाय. भातसेच्या या काठावरून मी आलाप घेतला की पलीकडची गुरं माना वर करायची. माझी बायको भागी लग्नाआधी माझा गळाच ओळखत होती, तोंड तिनं मागाहून बघितलं.

भजनाला बाजाची पेटी वाजवायचे जयरामबुवा. स्वतःच वाजवायचे, स्वतःच गायचे, खर्जात, जड. ते हिवतापानं गेले आणि मंडळी माझ्या मानगुटीवर बसली: कुंडलिक, आता गाणंही तूच, पेटीही तूच. मुरबाडला वैशाखरे गावच्या मंडळीशी भजनाची बारी, म्हणजे चढाओढ, ठरली होती.

"सकाळी गळा, दुपारी पेटी," मी म्हटलं. लढाईचं साल, रॉकेल मिळत नव्हतं, जे काय ते उजेडातच.

भागी चुलीकडनं बोलली, "एक ना धड, भाराभर चिंध्या. गळा तेवढा संभाळा."

बायकांना काय कळतं, असं मी वर तोंड करून म्हणालो!

बुवांच्या मागं त्यांची बायको हिराकाकी एकटीच राहिली होती. तिनं पेटी दिली, पण अट घातली: ओसरीवरून हलवायची नाय. मी रोज दुपारी तिथं बसे, ती दाराआडनं ऐके. "कुंडलिका, बोट घसरलं रे," आतनं सांगे. उठताना मिरी घातलेलं ऊन पाणी पुढं करी. बुवांना रियाजानंतर तेच लागायचं.

पेटी मात्र महाबेरकी. उंच सुरांच्या पट्ट्या मेल्या होत्या, दाबल्या तर नुसता वारा. बुवांच्या खर्जातल्या तेवढ्या बोलायच्या, त्यांच्या बोटांनी खोलगट झालेल्या. दुरुस्तीला कल्याणला न्यावी तर काकी हात लावू देईना. मग मीच गळा खाली आणला. बोटं त्या खळग्यांत आपोआप पडायला लागली. हळूहळू नदीवरचा सकाळचा आलापही खालीच राहिला. पलीकडची गुरं चरत राहिली.

काकीनं चुका सांगणं बंद केलं. दाराआडनं हुंदका तेवढा यायचा. एकदा मी खाकरलो आणि माझा मीच दचकलो. ते खाकरणं बुवांचं होतं. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण बारी तोंडावर आली होती. म्हटलं, ती होऊ दे, मग पेटी सोडून देऊ.

निघायच्या दिवशी काकीनं आपणहून पेटी बैलगाडीत ठेवली. बारी जिंकलो. म्हातारेकोतारे डोळे पुसत पाया पडायला आले, ते काय माझ्या नव्हे. "बुवा, आलात," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला बैलगाडीतनं घरापाशी उतरलो. दार आतून लावलेलं. आमच्याकडं म्हणतात, मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, म्हणून दिवेलागणीला पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाय. मी तीनदा मारली.

"भागे! भागे! भागे, दार उघड गो!"

आतली भांड्यांची खडखड थांबली.

"जयरामबुवा," भागी म्हणाली. "ते घरी नाय. मुरबाडला गेलेत."

"अगो, मीच हाय! कुंडलिक!"

"बुवा, पाया पडते तुमच्या. त्यांचं नाव सांगून मला बोलवू नका. लहान पोर हाय घरात."

मी माझा उंच सूर लावायला गेलो, तोच, नदीपलीकडे जाणारा. छातीतनं निघालं ते खर्जातलं, जड. आत पोर रडायला लागलं. मी दाराला डोकं टेकून उभा राहिलो.

मागं, वाटेपलीकडं, हिराकाकीचं दार उघडलं. तिच्या हातात पेला होता, त्यातनं वाफ निघत होती. मला जन्मात कधी अहोजाहो न केलेली ती बाई हळूच म्हणाली,

"आलात? पाणी निवतंय."