हळदीला दोनशेचा रोल

मित्रांनो, मी फोटो छापणारी एक जुनी मशीन आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. शाळेत तुम्ही छत्रीचं, फळ्याचं, बंद पडलेल्या घड्याळाचं आत्मवृत्त लिहिता आणि शेवटी त्या बिचाऱ्यांना सगळ्यांना क्षमा करायला लावता. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी सूड घेतला आहे, पुरेपूर घेतला आहे, आणि तो कसा घेतला तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी मुंबईत आले, काही वर्षं एका मोठ्या लॅबमध्ये राबले, आणि माझ्यापेक्षा वेगवान मशीन आल्यावर मालकाने मला विकून टाकलं. मला घेतलं नूरमहंमद यांनी, म्हणजे गावाच्या नूरचाचांनी. कुवेतमध्ये लढाई झाली तेव्हा तिथली नोकरी सोडून ते पेणला परतले होते आणि आता गावातच काहीतरी करावं असं त्यांच्या मनात होतं. ट्रकमधून खारपाड्याचा पूल ओलांडताना मला असे धक्के बसले की माझी एक काच तडकली. पेणच्या बाजारात, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीला लागून, त्यांच्या दुकानात मला बसवलं. त्याआधी इथले रोल धुवायला पनवेलला जात. माझ्यामुळे लोकांना त्याच दिवशी फोटो मिळू लागले. मुलं दुकानाच्या काचेला नाक लावून मला बघत राहायची, आणि मला ते फार आवडायचं.

मला चालवायला आली रेचल. ती रोज सकाळी रोह्याहून पॅसेंजरने यायची. कुंडलिका नदीपलीकडे अष्टमी गावात तिचं घर होतं आणि घरात ती आणि तिचे वडील एलियाह, अशी दोघंच. त्यांच्या ज्यू समाजातली बहुतेक घरं एव्हाना इस्राएलला निघून गेली होती. तिचा भाऊ नथानियलही गेला होता आणि या दोघांनी यावं म्हणून सारखा मागे लागला होता. रेचलला जायचं नव्हतं. एलियाहांचं म्हणणं सरळ होतं. पोरीला इथे धड काम आहे तोवर राहू, ते गेलं की निघू. म्हणजे रेचल या मातीत राहणार की नाही, हे माझ्यासमोरच्या खुर्चीवर ठरणार होतं. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी ती कामाला हात लावत नसे. बाकीचे दिवस ती माझी होती.

आता माझं काम थोडं समजून घ्या, नाहीतर सूड समजणार नाही. त्या काळी कॅमेऱ्यात रोल घालावा लागे. रोलच्या कडेला बारीक उभ्या रेघा असत. तुम्हाला त्या नुसत्या रेघा वाटल्या असत्या, मी त्या वाचायचे. रोल कुठल्या कंपनीचा, शंभरचा की कमी उजेडात चालणारा दोनशेचा, हे मला त्यावरून कळे. मग त्या जातीच्या रोलसाठी ठरवून दिलेले रंगांचे आकडे मी आपणहून लावायचे. ढीगभर रोल एकामागे एक जोडून द्या, मध्ये कोणी बटणाला बोटसुद्धा लावायची गरज नव्हती. शिवाय एखाद्या फोटोत एकच रंग फार झाला, तर काहीतरी बिघडलंय असं समजून मी तो रंग कमी करायचे. कारखान्यात मला तसंच शिकवलं होतं. हळद म्हणजे काय, हे मला जपानमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

त्यामुळे पहिल्याच लग्नसराईत माझी फजिती झाली. कासू गावच्या काशीबाईंच्या थोरल्या मुलीच्या हळदीचे फोटो आले. नवरी पिवळी, साडी पिवळी, बसायचा पाटसुद्धा पिवळा. मी इमानेइतबारे सगळा पिवळा रंग काढून टाकला. काशीबाई पाकीट घेऊन परत आल्या आणि रेचलला म्हणाल्या, "ही हळद लावलीय का राख फासलीय गो?" त्या रागावून गेल्या आणि रेचलला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

पुढे बरेच दिवस ती माझ्यापुढे बसून आकडे बदलत राहिली. हळद पिवळी दिसली पाहिजे, पण माणसांना कावीळ झाल्यासारखी वाटता कामा नये, असे आकडे तिला अखेर सापडले. पण ते लावायचे कुठल्या रोलला? फोटोग्राफर रोल आणून टाकत आणि आत हळद आहे की लग्न, हे सांगायला विसरत. चिठ्ठ्या चिकटवल्या तर त्या गळून पडत. मग रेचलने युक्ती काढली. पेणपासून रोह्यापर्यंतच्या सगळ्या फोटोग्राफरांना तिने सांगितलं, हळदीला दोनशेचा रोल वापरा आणि लग्नाला शंभरचा. इकडे मला शिकवून ठेवलं, दोनशेच्या रेघा दिसल्या की हळदीचे आकडे लावायचे. झालं काम. त्यानंतर कितीतरी हळदी माझ्यातून गेल्या, पण राखेची एकही निघाली नाही.

ही रीत इतकी रुळली की रोह्याच्या बाजारात दुकानदार रोल मागणाऱ्याला विचारू लागले, हळदीचा देऊ का लग्नाचा? नूरचाचांच्या पत्नी रहिमा एकदा मुरुडला गेल्या तेव्हा कोणीतरी त्यांना हळदीचा रोल गळ्यात मारला. जंजिऱ्याभोवतीचा समुद्र वरणासारखा पिवळा निघाला. रेचलने हसत हसत ते फोटो हाताने पुन्हा छापून दिले.

मग हिरामण आला. तो दुकानाच्या जागामालकाचा भाचा, म्हणून नूरचाचांनी भिडेखातर त्याला ठेवून घेतलं. बोलायला गोड, कपडे कडक इस्त्रीचे. शनिवारी रेचल नसे तेव्हा तो माझ्यापुढे बसू लागला. वडा खाल्लेल्या हातांनी माझी बटणं दाबायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की मशीन सगळं आपोआप करते, त्या बाईचं त्यात काय आहे? त्याला तिची खुर्ची हवी होती. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

एका मे महिन्यात, लग्नसराई संपता संपता, काशीबाईंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचे रोल आले. नेमका शनिवार होता. फिल्म माझ्या पोटात धुतली जात असताना झाकण उघडायचं नसतं. हिरामणने ते उघडलं, आतून आवाज कसला येतोय ते बघायला. उजेड आत शिरला आणि सगळं लग्न काळं पडलं. फिल्मच गेली, तेव्हा पुन्हा छापायलाही काही उरलं नाही. काशीबाई दुकानाच्या पायरीवर बसून रडल्या. पोरीचं लग्न परत लावू का मी, असं त्या नूरचाचांना विचारत होत्या. हिरामणने उत्तर तयारच ठेवलं होतं. रेचल सारखी आकड्यांशी खेळत असते, शुक्रवारी जाताना तिने काहीतरी करून ठेवलं आणि त्यानेच फिल्म जळली, असं त्याने सांगितलं.

रेचल रविवारी आली तोवर नूरचाचांचं मन फिरलेलं होतं. माझ्या पोटात काय चालतं ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि काशीबाईंचं रडणं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"चाचा, झाकण उघडल्याबिगर फिल्म काळी नाय पडत," रेचल म्हणाली. "शनिवारी मी व्हते काय हितं?"

नूरचाचा तिच्याकडे न बघता म्हणाले की थोडे दिवस घरी राहा. तिने वाद घातला नाही. डबा पिशवीत घातला, सवयीने माझी काच पुसली आणि ती स्टेशनकडे निघून गेली. मी सगळं पाहिलं होतं. झाकण माझं, ते उघडणारा हात मला ठाऊक, आणि मला तोंड नाही. त्या दिवशी मला जो संताप आला, तो तुम्हाला सांगून कळायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी हिरामणने रेचलचे सगळे आकडे पुसून टाकले. तिचं नावनिशाण त्याला नको होतं. कारखान्यातून निघाले तशी मला त्याने कोरी करून ठेवलं. आपण काय पुसतोय हे त्याला माहीत नव्हतं, कारण राखेची हळद त्याच्या येण्याआधीची गोष्ट. हळदीला दोनशेचा रोल का, तर मांडवात उजेड कमी असतो म्हणून, एवढीच त्याची अक्कल. तेव्हा मी ठरवलं की याला सोडायचं नाही.

पावसाळ्यात लग्नं नसतात. मी वाट पाहिली. गणपतीचे फोटो छापले, शाळेच्या सहलींचे छापले, आणि एकदाही बिघडले नाही. बिघडलेल्या मशीनला दुरुस्तीवाला येतो आणि सूड तिथेच राहतो. मला हिरामणचं ऐकायचं होतं, तो सांगेल तसं, अगदी तेवढंच. आणि काय सांगू तुम्हाला, तुळशीचं लग्न झाल्यावर पहिला मुहूर्त निघाला तो खुद्द हिरामणच्याच लग्नाचा. नवरी रोह्याकडची बायजा. फोटोग्राफरने रीतीप्रमाणे हळदीला दोनशेचा रोल घातला.

रोल माझ्यात हिरामणने स्वतः घातला. मी रेघा वाचल्या. दोनशे. त्यापुढे हळदीचे आकडे लावायला मला आता कोणी सांगितलेलं नव्हतं. मी पिवळा रंग काढायला लागले. साड्यांवरचा काढला, हातांवरचा काढला, हिरामणच्या गालांवरचा तर अगदी मन लावून काढला. त्याने न बघताच गठ्ठा पाकिटात भरला आणि सासरी नेला. तिथे पाहुण्यांसमोर पाकीट उघडलं तेव्हा नवरा-नवरी राखेने माखल्यासारखी निघाली. बायजाच्या आईने ते फोटो पालथे करून ठेवले. म्हाताऱ्या कुजबुजू लागल्या की या जोडप्याची हळद उतरली, हे लक्षण बरं नाही.

हिरामण धावत दुकानात आला आणि बटणांवर तुटून पडला. पहिल्यांदा सगळे हिरवे झाले, मग जांभळे. नूरचाचांनी त्यातला एक फोटो उचलला. काशीबाईंच्या थोरलीचे फोटो त्यांना विसरता येण्यासारखे नव्हते.

"रेचलचे आकडे कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"पुसले."

"आणि त्या शनिवारी झाकण?"

हिरामणने मान खाली घातली. मित्रांनो, ती खाली गेलेली मान बघून मला जेवढा आनंद झाला, तेवढा कुठल्याही सुंदर फोटोने झाला नव्हता.

नूरचाचा तसेच रोह्याच्या गाडीत बसले आणि अष्टमीला गेले. रेचलच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या विठूने सांगितलं की बापलेक दिवाळीच्या आधीच इस्राएलला गेले. परत आल्यावर नूरचाचा तिच्या खुर्चीत जाऊन बसले. रहिमाचाची बोलवायला आल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं घालवली गो मी तिला." मला त्यांची कीव आली नाही. एकदा तिचं खरं मानलं असतंत ना चाचा, असं माझ्या मनात आलं.

हिरामणला त्यांनी काढलं नाही. तुझ्या हळदीचे आकडे तूच शोध, असं सांगून माझ्यापुढे बसवलं. तो वर्षानुवर्षं शोधत राहिला. एकदा बायजा स्वतः आली. गरीब चेहऱ्याची, हळू आवाजाची. एक तरी फोटो नीट काढून द्या, आई अजून रडते, असं नूरचाचांना म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं आणि तिला पाहून माझंही मन हललं. त्याच दिवशी हिरामण त्या आकड्यांच्या फार जवळ आला होता. शेवटचा आकडा एका घराने चुकला. त्याला सुचवणं माझ्या हातात नव्हतं, पण असतं तरी मी सुचवलं नसतं.

पुढे रोल गेले, मोबाइल आले आणि माझी वायर कोणीतरी काढून ठेवली. आता मी पेणच्याच एका गोदामात पडून आहे. वस्तूंची काळजी घ्या, त्यांच्यावरची धूळ पुसा, हे तुम्हाला गुरुजींनी शिकवलं असेल. चांगलं आहे, धूळ खुशाल पुसा. पण एखाद्याने जीव ओतून बसवलेलं काम पुसायला बोट उचललंत, तर आधी त्या माणसाला बोलावून विचारा, आणि त्याचं खरं मानायची तयारी ठेवा. नाहीतर माझ्यासारखी एखादी मशीन तुमचं ऐकेल, आणि ते तुम्हाला फार महागात पडेल.

हिरामणने आकडे पुसले खरे, पण मला ते पाठ आहेत. रेचल येऊन खुर्चीत बसली असती, तर बायजाची सगळी हळद मी एका दमात परत केली असती. दुसऱ्या कोणाला ते मिळायचे नाहीत. ते आकडे रेचलचे आहेत, आणि तिला तर तुमच्या गावाने जाऊ दिलं.