निळ्याचे घर

आक्कांनी बारीक नळीला दातांनी गाठ मारली आणि तिचे टोक बादलीत सोडले. माशांच्या काचेच्या टाकीतले खारे पाणी थेंबाथेंबाने बादलीत उतरू लागले. बादलीत नुकताच पिशवीतून सोडलेला पिवळा मासा होता. अंगठ्याएवढा जीव, पण चार जिने चढून आल्यासारखा धापा टाकत होता.

"सेकंदाला दोन थेंब," नवी म्हणाली. "दोन तास तरी. एकदम टाकीत टाकला तर सोसत नाही म्हणे."

"मी काय आज पहिल्यांदा बघतेय टाकी?"

नवी रिकामी पिशवी उचलून ओट्याकडे गेली. जावयाची ही दुसरी बायको. घरात येऊन तिला तीन आठवडे झाले होते, पण आक्कांना हाक काय मारायची हे तिला अजून ठरवता आले नव्हते. काही बोलायचे असले की ती समोर येऊन उभी राही आणि आक्कांनी वर पाहीपर्यंत थांबे. मासा मात्र तिने कुणाला न विचारता आणला होता.

आक्का स्टूल ओढून थेंब मोजत बसल्या. आकडे त्यांना शंभरापर्यंतच येत, पण थेंबांना तेवढे पुरत. शंभर झाले की पुन्हा एकपासून.

टाकी त्यांच्या मुलीची. मुलीच्या आजारपणात पंधरा दिवसांसाठी आलेल्या आक्का मुलगी गेली तरी राहिल्याच, कारण टाकीला पाणी कोण घालणार होते? जावई लांबच्या बसगाडीवर. आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर. मीठ किती कालवायचे ते मुलीने खारेपणा दाखवणाऱ्या काट्याच्या मापावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढून दाखवले होते. काटा रेघेला टेकला की झाले, त्यात वाचायचे काही नव्हते. टाकीत अकरा दगड होते, मुलीने एका दुपारी बसून लावलेले. आक्कांनी त्यांना आपली नावे दिली होती: उंटाची पाठ, तुटका दात, थोरला, रुसलेली. महिन्यातून एकदा एकेक दगड काढायचा, जुन्या ब्रशने घासायचा आणि होता तिथे, होता तसा ठेवायचा. दोन वर्षांत एकही दगड बोटभर सरकला नव्हता.

आणि या अकरा दगडांवर राज्य होते निळ्याचे. मुलीच्या वेळचा एवढा एकच मासा उरला होता.

दोन तासांनी पिवळा टाकीत गेला आणि निळा उंटाच्या पाठीखालून बाणासारखा सुटला. पिवळा पळाला, आपटला, शेवटी पाणी गरम ठेवणाऱ्या नळीमागे जाऊन चिकटला. तिथून तो हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे शेपूट कुरतडलेले दिसले. आक्कांनी ड्रॉपरमध्ये खाणे घेऊन ते अगदी त्याच्या तोंडाशी सोडले. निळ्याने मध्येच झडप घालून ते पळवले.

"लाज कशी वाटत नाही तुला?" आक्कांनी काचेवर बोट आपटले. "खाऊन खाऊन पिंप झालास. एक घास गेला दुसऱ्याच्या तोंडात तर काय झिजशील?"

निळा काचेपाशी येऊन त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याचे तोंड उघडत होते, मिटत होते. उलट बोलल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी आक्कांचे गुडघे उठू म्हटले तरी उठेनात. दिवसातून सहा वेळा ड्रॉपर, सहा वेळा तोच तमाशा. पिवळ्याचे पोट आत गेले होते. हा मेला तर जावई काही बोलणार नव्हता. नवीही काही बोलणार नव्हती. दोघे न बोलता जेवतील, आणि म्हातारीने मारला हे घरभर पसरेल, कुणी तोंड न उघडता. पिवळा जिथून आणला होता, त्या मासेवाल्याला आक्कांनी फोन लावला.

"खातोय का, आजी?"

"तोंड बाहेर काढलं तर खाईल ना. जुना तुटून पडतोय."

"त्याला कोपरा न् कोपरा पाठ आहे, म्हणून माज. दगड काढा आणि वेगळे लावा. घरच ओळखू आलं नाही की तोही नवखा. मग कोण कुणाला हाकलणार?"

"दगड हलायचे नाहीत."

"का हो? चिकटवलेत?"

"दुसरं काही असेल तर सांग."

"दुसरं म्हणजे पिवळा मला परत आणून द्या. पण उद्याच. परवापर्यंत ठेवलात तर मातीतच पुरावा लागेल."

संध्याकाळी नवी कामावरून आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती दिवसभर लोकांच्या शिरा शोधत उभी असे. चपला काढून ती भिंतीला टेकली आणि टाकीकडे न बघताच म्हणाली, "गेला?"

"आहे अजून. दगड हलवा म्हणतो तुझा मासेवाला. नाहीतर परत आणा."

"परतच देऊ." ती लगेच म्हणाली. "दगड नका हलवू. कुणी लावलेत ते मला माहीत आहे. माझंच चुकलं. न विचारता आणायला नको होता."

तिने ओट्याजवळचे फडताळ उघडून एक प्लास्टिकची पिशवी काढली. मासा आला होता तीच. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली, वर रबरसुद्धा गुंडाळलेले.

"ही कधी ठेवलीस?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मरेल असं वाटलं होतं तुला?"

"मरेल असं नाही." नवी रबर सोडवू लागली. "राहील असं वाटलं नव्हतं."

आक्कांनी पिशवी तिच्या हातातून काढून ओट्यावर ठेवली. मग पदर खोचला.

"पंपाचं बटण बंद कर. गरम नळीचंही. आणि बादली आण."

"नका ना हो. मी खरंच..."

"बादली आण म्हटलं ना. बोलायला काय, रात्र पडली आहे."

त्यांनी टाकीतलेच पाणी बादलीत घेतले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तुटका दात आला. रुसलेली आली. थोरल्याला दोन्ही हात लागले. उंटाची पाठ उचलताना निळा मनगटावर तीनदा धडकला. त्यांनी हात काढला नाही. अकरावा दगड बादलीत गेला तेव्हा टाकी इतकी ओकी दिसली, की त्या ओल्या हातांनी तशाच स्टुलावर बसल्या.

"लाव आता."

"मी?"

"मग कोण? मला आता वाकवत नाही."

"कसे लावू?"

"मला काय विचारतेस? डोळे दिलेत ना देवानं."

नवीने बाही वर केली. पहिला दगड हातात घेऊन ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली, मग तो मधोमध ठेवला. हळूहळू हात सैल झाला. उंटाची पाठ तिने चक्क उलटी ठेवली, पोट वर करून. आक्कांनी तोंड उघडले आणि मिटले. एक दगड त्यांनी न सांगताच बादलीतून उचलून तिच्या हातात दिला. एवढेच.

पंप सुरू झाला. गढूळ पाणी निवळायला वेळ लागला. मग नळीमागून पिवळा निघाला, थांबला, एका दगडाला वळसा घालून आला. नवीने खाणे सोडले. एक कण त्याच्या तोंडासमोरून गेला. दुसरा गेला. तिसरा त्याने गिळला. नवीने ओला दंड तोंडावर दाबून धरला.

आक्का तिकडे पाहत नव्हत्या. निळा आपली कपार होती तिथे गेला, तिथे पाणीच होते. मागे वळला, पुन्हा गेला. असे चार-पाचदा. मग काचेच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ड्रॉपर घेतला आणि त्याच्या कोपऱ्यात थोडे खाणे सोडले.

"खा," त्या हलकेच म्हणाल्या. "होते सवय."