पोट भरल्याचा निरोप

"भरलं का रे पोट, राजा?" डब्यातली शेवटची पोळी हातात धरून आई विचारायची, आणि लहानगा लक्ष्मीकांत म्हणायचा, "भरलं." वडील मिलमध्ये, खाणारी तोंडं सहा, दुसरं काय म्हणणार? पोट भरणं म्हणजे नेमकं काय, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. पन्नाशी उलटली तरी ठाऊक नव्हतं. आणि हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर नीरजाजींनी त्याच्या लेकीचा, उर्वीचा, रिपोर्ट समोर ठेवला.

"हे बघ बेटा, जेवण झालं की मेंदूत एक हार्मोन निघतं. 'बस, झालं' एवढाच त्याचा निरोप. तो झेलायला पेशींवर रिसेप्टर असतात. तुझे नीट झेलत नाहीत. निरोप दारापर्यंत येतो, आत कुणाला ऐकूच जात नाही. हा हावरटपणा नव्हे."

उर्वी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. परवाच मावशीकडे, भरल्या घरात, आईनं तिच्या हातातली कचोरी काढून घेतली होती.

"बहुतेकदा हे आई किंवा वडिलांकडून येतं. घरात आहे कुणाला?"

"आमच्याकडे नाही बुवा," उर्वीची आई अमिता म्हणाली. "माझं माहेर म्हणजे सगळे चिमणीसारखे टिपणारे. आणि हे तर काय, पंगतीत दुसऱ्यांदा वाढू देतील तर शपथ."

लक्ष्मीकांत चष्मा पुसत राहिला.

अमिता तिथूनच शाळेत शिकवायला गेली. बाप-लेक नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या जुन्या दगडी छत्र्यांपर्यंत चालत आले. समोरच्या गाडीवर पोह्यांची वाफ वर वर जात होती, सकाळ सावकाश चढत होती.

"दो प्लेट, भिया. सेव जरा जास्त."

"एकच सांगा बाबा. मला नको."

"का गं?"

"सुरू केलं की थांबत नाही ना मी. लोक बघतात." ती पुढे म्हणाली, "मॅडम ते रिसेप्टर-बिसेप्टर मला बरं वाटावं म्हणून बोलल्या. घरात दुसरं कोणीच तसं नाहीये. मतलब मीच लालची आहे."

ती रडत नव्हती. हिशेब मिटवून टाकावा तशी बोलली होती. गाडीवाल्यानं हातात दिलेली प्लेट लक्ष्मीकांतानं खाली ठेवली.

"उर्वी, मी दुसऱ्यांदा वाढून का घेत नाही, माहितीये? घेतलं तर कुठे थांबायचं ते मला कळत नाही. पंगतीत शेजाऱ्याचा हात थांबला की मी माझा थांबवतो. घरी तुझ्या आईच्या ताटाकडे बघून उठतो."

तिनं मान वर केली. "आणि पोट?"

"नाही भरत. भुकेलाच उठतो."

"रोज?"

"रोज. लहान होतो तेव्हापासून. हे तुला माझ्याकडूनच आलंय, बेटा."