टँकर पोचल्याच्या सह्या

पंपवाल्या काकांनी आयुष्यात कुणाचा खिळासुद्धा उचलला नव्हता. पण भिडस्त माणूस कधीकधी चोरापेक्षा महागात पडतो.

परदेशी कंपनीची खाण आली आणि वस्तीच्या विहिरी पिवळ्या पडल्या. करारात कंपनीचे हक्क चाळीस पानं. सरकारने हात लावलाच तर परदेशातल्या लवादाकडे जायची मुभासुद्धा. कर्तव्य एकच होतं: वस्तीला रोज स्वच्छ पाण्याचा टँकर. पोच म्हणून पावतीवर सही वस्तीचा पंप सांभाळणाऱ्या काकांची.

टँकरचा ड्रायव्हर गोडबोल्या. "काका, रोज कशाला खोळंबता? महिन्याच्या एकदमच करून टाका ना!" नाही म्हणणं काकांच्या जिवावर यायचं. तीसच्या तीस पावत्यांवर सह्या ठोकून ते मोकळे व्हायचे. पुढे टँकर आठवड्यातून एकदाच यायला लागला, बाकीचे दिवस विहिरीचंच पाणी; तरी काका उद्या येईल, परवा येईल म्हणत सह्या करतच राहिले.

आज सुनावणी होती. कंपनीने कर्तव्य मोडल्याचं सिद्ध झालं तर खाण बंद, नाहीतर परवाना आणखी वीस वर्षं. काकांच्या सुनेने दारोदार फिरून लोकांच्या जबान्या गोळा केल्या होत्या. तिला सातवा महिना होता. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं.

कंपनीच्या वकिलाने पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "सह्या तुमच्याच?"

"माझ्याच. पण साहेब, टँकर रोज येत नव्हता. मी आधीच करून ठेवायचो."

"म्हणजे वस्तीने खोटी नोंद ठेवली," वकील शांतपणे म्हणाला. "करारात कलम आहे: नोंद खोटी निघाली तर पाण्याचं बंधनच संपतं. उद्यापासून येतो तो टँकरही बंद. लिहून घ्यायचं का तसं?"

काकांनी मनाशी हिशेब केला. खरं बोलावं तर आहे तेही पाणी जाणार, खोटं बोलावं तर खाण राहणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने पेन उचललं. "शेवटचं विचारतो. टँकर रोज आला की नाही?"

आठवड्याचं एक पिंप तरी घरात येईल, एवढंच काकांना सुचत होतं. सुनेकडे बघायची हिंमत झाली नाही.

"आला," ते म्हणाले. "मघाशी गोंधळलो मी. रोज आला."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मागच्या बाकावरून सून कशीबशी उठली.

"बाबा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "मग सात महिने मी काय प्यायले?"