आधी त्यांचं जेवण

संध्याकाळपर्यंत कुमुदिनीबाईंनी काही खाल्लं नाही, तर डॉक्टर नाकातून नळी घालणार होते. मांडीचं हाड मोडून आलेल्या या तंजावरी आजींना ऑपरेशननंतर भ्रम झाला होता. नळी त्या नक्की ओढून काढणार. मग हात बांधावे लागणार. म्हाताऱ्या रुग्णांजवळ बसायला येणाऱ्या आम्हा स्वयंसेवकांत मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून सिस्टर रम्यांनी मला पाठवलं.

आमचा नियम साधा आहे: वार सांगा, जागा सांगा, चष्मा लावा. भासाला होकार देऊ नका, वादही घालू नका. मी जीवरसायनशास्त्र शिकले आहे. मला नियम आवडतात.

"आजी, आज मंगळवार. आपण चेन्नईत, तिरुवल्लिकेणीला हॉस्पिटलमध्ये आहोत."

"अस्सं? मग तेनी कां उभे?" त्यांनी पलंगाच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. तेनी म्हणजे यजमान. ते जाऊन बरीच वर्षं झाल्याचं आजींच्या मुलाने सांगितलं होतं. "तेनी उपाशी अन् मी जेवूं? आईनं हेंच शिकवलं कीं, कण्णा?"

"माझी आई बाबांच्या आधी जेवते."

"तरीच तूं अशी बोलतीस!"

इडली देऊन पाहिली, दहीभात देऊन पाहिला. ओठ मिटलेलेच. रम्यांनी नळीचं पाकीट टेबलावर आणून ठेवलं.

मग मी नियम मोडला. दुसऱ्या ताटलीत दहीभात वाढला आणि पायथ्याशी ठेवला. जरा वेळाने म्हणाले, "आजी, जेवले ते."

"नुसता भात?"

"लिंबाचं लोणचं घेतलं. साल काढून बाजूला ठेवली."

आजी खुदकन हसल्या. "मेली खोड जाईना अजून!" आणि त्यांनी तोंड उघडलं.

मी चमच्यामागून चमचा भरवत राहिले. ट्रेमध्ये लोणचं नव्हतं. साल मला कुठून सुचली, ते कळेना. अंदाज लागतात कधीकधी, असं मनाशी म्हटलं.

अर्ध्यावर त्या थांबल्या. "विचार तेंना. आज मला नेतात कीं?"

ओठ पुन्हा मिटले. रम्या दाराशी उभ्या होत्या. मी पायथ्याकडे वळले, नजर जिथे चेहरा असावा तेवढी वर नेली आणि विचारलं.

"नाही म्हणताहेत," मी सांगितलं.

"बरं," म्हणून आजींनी तोंड उघडलं.

पुढचा घास देताना माझ्या लक्षात आलं: 'नाही' सांगण्याआधी मी थांबले होते, पायथ्याकडचं बोलणं पूर्ण होईपर्यंत.